‘आजी’ लिहिलेली बाटली

सोमवार, ता. ४
सगळ्यांत आधी टपकली ती शिंपीण. माझी ट्रंक अजून दारातच, आणि ही बाई गळ्यात टेप घालून हजर! मागोमाग पोस्टमन, मग घड्याळजी. नातीच्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं नाही तोच पाहुणे; मी तर हरखूनच गेले. थोरल्याकडे दिवसभर भिंतींशी बोलायचे मी. तिघांच्याही कोपराच्या खळीत कापूस चिकटवलेला. रक्त देऊन आले असणार, समोरच तर नातीची प्रयोगशाळा. चहा केला, पण कोणी ओठाला लावला नाही. खुर्च्या चार, चौथीवर मला बसू देईनात. अजून एक जण यायचंय म्हणे. बरं बाई, मी आपली पलंगावर!

बुधवार, ता. ६
नात रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करते. गाल बसलेत पोरीचे, पण कामाचं बोलायला लागली की थांबत नाही; माझ्यावरच गेलीय. आज प्रयोगशाळा दाखवली. रोग्याच्या रक्तातल्या पेशी चपट्या बाटल्यांत घालून उबदार कपाटात वाढवतात. दोन-दोन दिवसांनी त्यांना गुलाबी पाण्याचा खाऊ. माणूस जातं, पेशी मात्र वाढतच राहतात. बाटलीवर नाव लिहायला बंदी, म्हणून तिच्या मोठ्या बाईंची पद्धत अशी, की माणसाचा धंदा लिहायचा. ताडून बघायला निरोगी रक्तही लागतं. ते आठवडाभरात आपोआप मरतं. नातीने स्वतःचं काढलं, माझंही काढलं. आणि चिठ्ठ्या मी लिहिल्या! चौथी नापास बाई, पण ‘आजी’ आणि ‘नात’ अशी ठसठशीत अक्षरं काढून नळ्यांना चिकटवलीसुद्धा. नात म्हणाली, आजी, तू शास्त्रज्ञ झालीस. मी म्हटलं, मग माझा पांढरा कोट कुठाय?

शुक्रवार, ता. ८
पाहुणे पुन्हा आले. रात्री जेवताना नातीला सांगितलं, शिंपीण मोठी गोड आहे, ओठावर तीळ, बोलताना सारखी टेप गुंडाळते. नातीचा घास हातातच राहिला. ‘शिंपीण’ लिहिलेली बाटली तिच्या कपाटात आहे. ती बाई जाऊन दोन वर्षं झाली. ‘पोस्टमन’ आहे, ‘घड्याळजी’ही आहे. तेही गेलेले. मग म्हणाली, दुपारी तुझा डोळा लागला असेल.
तीन कप मोरीत होते. काठोकाठ भरलेले.

शनिवार, ता. १६
नात माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. ‘नात’ बाटलीतलं रक्त कधीच मेलं. ‘आजी’ वाढतंय, दहा दिवस झाले तरी. मी म्हटलं, वेडी का तू, पिकलं पान मी, कधीतरी गळायचंच. पदराने तिचे डोळे पुसले. खरं सांगते, भीती नाही वाटली. चौथी खुर्ची माझीच होती तर.

रविवार, ता. १७
पेशींना रविवार नसतो. नात खाऊ घालायला गेली, आणि हे तिघं आले. दाराला आतून कडी लावलेली होती.
मी चांगली साडी नेसून चौथ्या खुर्चीवर बसायला गेले. घड्याळजीने हात आडवा घातला. शिंपीण उठली. वाटलं, माझं माप घेणार. ती खुंटीपाशी गेली. नातीच्या धुतलेल्या कोटाचं माप घेतलं. खांदे. बाही. सावकाश.

सोमवार, ता. १८
चिठ्ठ्या लावतानाचं आठवतंय आता. चष्मा घरी राहिला होता — नळ्या दोन्ही सारख्या — नातीचा फोन वाजला, ती पाठमोरी — मी उजवीकडच्या नळीला आधी ‘आजी’ — की डावीकडच्या —
सांगितलं तिला. म्हणते, माझी समजूत घालतेस. हात जोडले तिच्यापुढे. शेवटी दोघींनी पुन्हा रक्त दिलं, या खेपेला बाटलीत वाढवायला नाही, थेट तपासणीला. चिठ्ठ्या तिने लावल्या. निकाल गुरुवारी.

मंगळवार, ता. १९
विनवलं त्यांना. बाटलीवर आजी लिहिलंय, मलाच न्या, पोरीचं अजून काहीच झालं नाही — पोस्टमन कीव आल्यासारखा हसला. म्हणाला, जन्मभर पत्ता वाचून टपाल वाटलं, आजी. आता पाकिटात काय आहे ते बघतो.
शिंपिणीच्या मांडीवर पांढरं कापड. फक्त बटणं लावायची राहिलीत.
जाताना विचारलं, परत कधी? तिघं एकदम बोलले. नात घरी असेल तेव्हा — निकाल घेऊन येईल तेव्हा —
गुरुवारी, दुपारी —