गरम वाऱ्याची चौकशी समिती

२ एप्रिल, गुरुवार
निवृत्त होऊन महिना झाला. निरोपसमारंभात मी म्हणालो होतो, आता उरलेलं आयुष्य समाजासाठी. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आता समाज सापडायला हवा.

संध्याकाळी सापडला. आपल्या सार्वजनिक वाचनालयात बोर्ड लागलाय : 'दर शनिवारी शेजारी-भेट. वाढतं ऊन, पाणी, कचरा, एकटेपणा. या, बसा, बोला.' लगेच ग्रंथपाल बाईंना गाठलं. म्हणालो, विमा कंपनीच्या तक्रार विभागात उभी हयात गेली, कितीही चिडलेला माणूस येऊ दे, माझं उत्तर तयार असतं. बाई म्हणाल्या, बरं झालं आलात, खुर्च्या लावायला माणूस हवाच होता. विनोदी बाई आहेत. मी संयोजक झालो असं धरून चालतोय.

४ एप्रिल, शनिवार
पहिली भेट. विषय : ऊन. लोक बरे जमले. बाईंचा बेत असा की सगळ्यांनी गोल बसून एकमेकांशी बोलायचं. कल्पना चांगली, पण दिशा नको का द्यायला? प्रास्ताविक केलं. थोडं लांबलं. बाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. बंद पडलं असावं.

आमच्या मागच्या इमारतीत एक गणिताच्या बाई राहतात. निवृत्त, एकट्या. अगदी माझ्यासमोर डोळे मिटून ऐकत होत्या. एवढी एकाग्रता ऑफिसात कधी पाहिली नाही. मधूनमधून मान खाली जायची. म्हणजे मुद्दा पटत होता.

घरी आल्यावर एसी लावला. याच उन्हाळ्यात घेतला, खास अण्णांसाठी. बाप नव्वदीला टेकलेला, कसूर नको. एसी आमच्या बेडरूममध्ये आहे आणि अण्णा हॉलमध्ये झोपतात, कारण गार वाऱ्याने त्यांचे गुडघे धरतात. पण वेळप्रसंगी त्यांना आत आणता येईल, हे महत्त्वाचं. बाहेरचा डबा मागच्या बाल्कनीत लावून घेतला. पुढे लावला असता तर इमारतीची शोभा गेली असती.

५ एप्रिल
ठरलं. एसी सत्तावीसवर. संयोजकाने आदर्श घालून द्यायला हवा.

६ एप्रिल
वीसवर. सत्तावीसला विचार सुचत नाहीत, आणि पाण्यावरचं भाषण लिहायचंय.

११ एप्रिल, शनिवार
खळबळजनक दिवस.

पाण्यावर बोलताना मी एका ठिकाणी टेबलावर मूठ आपटून 'जागे व्हा!' असं म्हणतो. गणिताच्या बाई खरोखरच दचकून जाग्या झाल्या. (म्हणजे चिंतनातून.) मग म्हणाल्या, "पाण्याचं राहू द्या हो जरा. मला झोप मिळत नाही त्याचं बोलू का?"

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, बोला बोला. मी अजून बोलतच होतो.

हकीकत अशी. बाईंच्या खोलीला एकच खिडकी. समोर कुणीतरी यंदा एसी घेतलाय. त्याचा डबा रात्रभर गरम वारा सोडतो, तो थेट बाईंच्या उशाशी. खिडकी उघडली की भट्टी, मिटली की जीव गुदमरतो. "म्हणून इथे येते. हे बोलायला लागले की मला छान झोप लागते," असं म्हणून माझ्याकडे बोट केलं. लोक हसले. मीही हसलो. पण आतून रक्त उसळत होतं.

कोण हा माणूस? स्वतः गारव्यात लोळायचं आणि एका वयस्कर बाईला भाजून काढायचं? मी तिथल्या तिथे चौकशी समितीची मागणी केली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या बोलण्याचा असा परिणाम क्वचितच होतो.

कोपऱ्यावरचे औषधवाले म्हणाले, समितीचे प्रमुख तुम्हीच व्हा. सगळ्यांनी हात वर केले. गणिताच्या बाईंनी तर दोन्ही. निघताना औषधवाले म्हणाले, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी त्यांना सांगितलं, म्हणी पुरे झाल्या, आता कृती हवी.

१२ एप्रिल
निषेधाचा ठराव लिहिला. 'ज्याला शेजाऱ्याची झोप दिसत नाही, त्याला शेजारी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.' हिला वाचून दाखवला. बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कौतुक ओसरलेलं नाही.

मग म्हणाली, तेवढा एसी बंद करता का? म्हटलं, ठराव पुरा होऊ दे.

१६ एप्रिल
स्थळपाहणी. मी, औषधवाले, ग्रंथपाल बाई. गणिताच्या बाईंकडे जिना चढून गेलो. खोली छोटी. एक पलंग, भिंतीवर जुना फळा, टेबलफॅनसमोर पाण्याने भरलेलं पातेलं. खिडकीत ओला टॉवेल लावलेला. बाईंनी पाणी दिलं. पाणीसुद्धा कोमट होतं.

मी टॉवेल बाजूला सारला. समोर एक बाल्कनी, छत्री लांब केली तर टेकेल इतकी जवळ. तिथे डबा. कठड्यावर निळ्या माशांची चादर वाळत होती. आमच्याकडेही तशीच आहे. बाजारात पुष्कळ मिळतात.

मग बाल्कनीत अण्णा आले.

त्यांनी आम्हाला हात केला. औषधवाल्यांनी त्यांना हात केला. ग्रंथपाल बाईंनीही केला. गणिताच्या बाई म्हणाल्या, "आज गुडघे बरे दिसतायत त्यांचे."

मी म्हणालो, इतक्या अंतरावरून नक्की काही सांगता येत नाही. अधिक अभ्यास करावा लागेल.

जिना उतरताना दोनदा कठडा धरला. जिना फार उभा आहे.

१७ एप्रिल
दोष एसीचा नाही, जागेचा आहे. मेकॅनिकला बोलावून म्हटलं, डबा हलव. पुढे गॅसचा पाइप. बाजूला जिन्याची खिडकी. गच्चीवर न्यायचा तर वरचे शेजारी त्यांच्या भिंतीवरून नळी जाऊ देणार नाहीत. म्हणजे मी तयार आहे, परिस्थिती तयार नाही.

१८ एप्रिल, शनिवार
समितीला मुदतवाढ मागितली. औषधवाल्यांनी विचारलं, अडचण काय आली? म्हटलं, तांत्रिक आहे. गणिताच्या बाई आज झोपल्या नाहीत. हातात खडू देऊन पोराला फळ्याजवळ उभं केलं की शाळेतल्या बाई जशा थांबतात, तशा माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. कचऱ्यावरचं भाषण चारच वाक्यांत आटोपलं. इथे प्रथमच टाळ्या पडल्या.

२० एप्रिल, सकाळ
काल रात्री एसी न लावण्याचा निश्चय केला. पाळला. मग वाटलं, अण्णांना उकडत असेल. लावला. हॉलमध्ये डोकावलो तर अण्णा पांघरूण घेऊन गाढ. बंद केला. मग मध्यममार्ग सुचला : झोप लागेपर्यंत लावायचा, झोप लागली की उठून बंद करायचा. उठता आलं नाही, कारण झोप लागली होती.

२२ एप्रिल
डब्यासमोर पत्रा आडवा लावला, गरम वारा वर वळावा म्हणून. वळला. वरच्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेला. ते खाली येऊन काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तक्रारीला उत्तर देणं हे माझं काम होतं, पण आज एकही आठवलं नाही. पत्रा काढला. बोट कापलं.

ही म्हणाली, एवढ्या उठाठेवीपेक्षा बाईंना जाऊन एकदा भेटून या ना. म्हटलं, हातात काही ठोस नसताना जाणं बरं दिसत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार
दुपारी गणिताच्या बाई त्यांच्या जिन्यात पडल्या.

औषधवाल्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. ही लागलीच गेली. डॉक्टर म्हणाले, ऊन आणि जागरण, शरीराने हात टेकले. हाड मोडलं नाही हे नशीब. सलाईन लावलं आहे.

मीही निघालो होतो. दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. काचेतून ही दिसली, बाईंच्या पायाशी बसलेली, पाय चेपत. आत जाऊन काय म्हणायचं ते जुळवत उभा राहिलो. वाक्य होईना. भेटीची वेळ संपत आली असेल असं वाटलं, परत आलो.

आज एसी लावला नाही. श्रेय घेत नाही, वीज गेली होती.

२५ एप्रिल, शनिवार, दुपार
निर्णय झाला. आज सगळ्यांसमोर कबूल करणार. सकाळपासून लिहितोय. सुरुवात : 'मित्रहो, गुन्हेगार तुमच्यासमोर उभा आहे.' इथे थांबायचं. लोक सुन्न होतील. मग माझं मन कसं पोळत होतं ते. मग माणूस आणि यंत्र. शेवटी गणिताच्या बाईंसमोर हात जोडायचे. आरशासमोर वाचताना मीच रुमाल काढला. माणूस चुकतो, पण कबूल करायला छाती लागते. एखाद-दुसरा डोळे पुसेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ
विषय एकटेपणा. बाई आल्या होत्या, हिच्या हाताला धरून. सगळे गोल बसले. मी उभा राहिलो. म्हणालो, "मित्रहो, तो गरम वारा..."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "अहो, माहीत आहे. बसा."

मी म्हणालो, नाही, म्हणजे तो माणूस...

औषधवाले म्हणाले, "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. समोरासमोर खिडकी, अण्णा रोज बाईंशी बोलतात. म्हणून तर तुम्हाला प्रमुख केलं. म्हटलं, स्वतःचे स्वतःच शोधतील. तोंडावर सांगून शेजार कशाला बिघडवा?"

ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या, "आम्ही वाट बघत होतो."

कुणी रागावलं नाही. कुणीतरी रागवायला हवं होतं. ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. हे लोक नुसते बघत होते, घरात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसे.

मग ही बोलली. लग्नानंतर हिला चारचौघांत बोलताना मी आज पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, काल दवाखान्यात ठरलंय, ऊन उतरेपर्यंत बाई आमच्या बेडरूममध्ये झोपतील, माझ्याबरोबर. एकाच खोलीत दोघी गार, कुणाला त्रास नाही. औषधवाल्यांनी विचारलं, आणि साहेब? ही म्हणाली, "हॉलमध्ये. अण्णांजवळ जागा आहे."

लोक खळखळून हसले, गणिताच्या बाईही. मी बसलो.

त्यानंतर भेट फार रंगली. एक गृहस्थ म्हणाले, बायको गेल्यापासून दाराची बेल वाजली की ती बिल घेऊन आलेल्याचीच असते. शेजारच्या बाई म्हणाल्या, उद्या मी वाजवते. पुष्कळ लोक बोलले. शेवटी ग्रंथपाल बाईंनी विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? भाषण खिशात होतं. काढलं नाही. त्यात बाईंच्या खोलीबद्दल एक अक्षर नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

२९ एप्रिल, दुपार
हॉलमध्ये. पंखा फिरतोय, वारा नाही. चटईची काडी पाठीला टोचते. बेडरूमचं दार लावलेलं आहे. आत दोघी कशावर तरी हसतायत. मघाशी चष्मा घ्यायला दार वाजवलं, तर ही म्हणाली, पटकन आत या आणि दार लावा, गारवा जातो.

अण्णा शेजारच्या पलंगावर आडवे. त्यांना विचारलं, बाई तुम्हाला रोज सांगत होत्या, मग मला का नाही सांगितलंत?

ते म्हणाले, "सांगितलं की. तीनदा. तू बोलत होतास."

मी वाट बघितली, आणखी काही बोलतील म्हणून. म्हटलं, अण्णा, आता सांगा, मी गप्प बसतो. काय काय सांगायचं राहिलंय?

झोप लागलीय त्यांना.