ताईंबद्दल आलेला फोन

१४ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा खोकला आता थांबला असेल. मी सकाळपासून चार वेळा तुमच्यापाशी आले आणि नॅपकिन संपलेत का वगैरे विचारून परत गेले. म्हणून हा कागद तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय.

बाबांची कंबर सुधारतेय. काठी आता फक्त मला धाक दाखवायला लागते. तुम्ही आपलं हॉटेल सोडून चाललात हे कळल्यापासून आचारीमामा माणसांशी बोलत नाहीत, पातेल्यांशीच बोलतात.

नव्या हॉटेलचं अजून काही कळलं नाही, असं तुम्ही काल म्हणालात. त्याला कारण मी आहे. तिथल्या मालकांनी मंगळवारी तुमची चौकशी करायला मला फोन केला होता. मी ‘उद्या बोलते’ म्हणाले आणि तीन दिवस बोललेच नाही. वाटलं, कंटाळून दुसऱ्या कुणाला तरी घेतील. तुम्ही सारख्या मोबाइलकडे बघत होतात, ते मला दिसत होतं.

त्यांना काय सांगू, असं बाबांना विचारलं तर म्हणाले, “खोटं बोलू नकोस. फक्त जरा कमी बोल.” लहानपणी वर्गातून चुकून आणलेली पेन्सिल द्यायला ज्यांनी मला भर उन्हात परत पाठवलं होतं, तेच बाबा.

काल मी पुढच्या महिन्याचा ड्युटीचा तक्ता आखायला बसले आणि जुने तक्तेही काढले. नव्या वेटरला पहिल्याच आठवड्यात सुट्टी मिळते. तुमच्या ओळीत चार वर्षांत एकही नाही. तुम्ही दोनदा मागितली होतीत. दोन्ही वेळा मी म्हटलं, “ताई, तुम्ही तर घरच्याच.” आमच्याकडे हे कौतुकाने म्हणतात. मी त्यावर तुम्हाला राबवून घेतलं. तुम्ही एकदा म्हणाला होतात, आम्ही नवराबायको दारातच भेटतो, एक चप्पल काढत असतो, दुसरा घालत असतो. तेव्हा मी हसले होते.

आज सकाळी मी त्या नव्या हॉटेलच्या मालकांना फोन केला. सगळं सांगितलं. जेवणाला उशीर होणार असेल तर गिऱ्हाईक चिडायच्या आधी तुम्ही टेबलापाशी पोचता, कुणाला चारचौघांत बोलत नाही, आणि मला गल्ल्यावर उभं राहायला तुम्हीच शिकवलंत. ते म्हणाले, “एवढ्या चांगल्या आहेत तर सोडता कशाला?”

मी म्हणाले, “तुमच्याकडे त्यांना आठवड्याची सुट्टी द्या. त्यांनी मागितली नाही तरी द्या.”

फोन ठेवला आणि बाबांना जाऊन सांगितलं. त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, “दर बुधवारी तिच्या जागी मी उभा राहतो. विचार तिला.”

म्हणून एकदाच विचारते. राहाल का? दर बुधवारी सुट्टी, आणि हॉटेल कितीही भरलेलं असलं तरी तुम्हाला फोन करायचा नाही. हे सुचायला तुम्हाला दुसरी नोकरी बघावी लागली, याची लाज वाटते. गेलात तरी माझा राग नाही. तिथल्या मालकांचा फोन आज-उद्या येईलच.

माझा चेहरा बघून ठरवू नका, ताई. आज घरी लवकर जा, मी सांभाळते. भावजींशी बसून बोला आणि मग सांगा.

तुम्हाला घरची म्हणताना तुमचं घर विसरलेली,
तुमची गल्ल्यावरची