बावीस फेरे

९ जानेवारी, गुरुवार

आज पुन्हा पाण्याला वास. तेजलने पहिली बादली मोरीत ओतली, दुसरीही ओतली. उकळल्याशिवाय घोटभरही घ्यायचं नाही, असा सुनेचा हुकूम आहे.

शेजारच्या प्रियंकाला कावीळ निघाली. आठ वर्षांची पोर. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर कविता म्हणायला यायची. आज दारातून बघून आलो. डोळे पिवळेधमक. तरी म्हणाली, "आजोबा, नदीची कविता अर्धी राहिली." बरी हो, मग अर्धी पुरी करू, म्हटलं आणि पटकन बाहेर आलो.

दुपारी प्रितम आला होता. पाणीखात्यातला नवा इंजिनियर. पोरगा चांगला आहे, बूट भरेपर्यंत चिखलात उतरतो. त्याचं म्हणणं, आपल्या उताराच्या खालच्या आळीत कुठेतरी घाण पाणी लाइनीत शिरतंय, पण कुठून ते सापडत नाही. मी विचारलं, जुन्या लाइनीचा जोडावरचा व्हॉल्व्ह बघितलात का? म्हणाला, नकाशात असं काही नाही काका.

नकाशात नसेल. मला पक्का ठाऊक आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचतंय!

१९९३ चा मार्च. मी याच भागाचा चावीवाला. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून घाटकोपरचा हा सगळा डोंगर चढायचो-उतरायचो — ही गल्ली सोड, ती बंद कर. नाल्याकाठची जुनी लाइन तेव्हा कायमची बंद झाली आणि नवी सुरू झाली. दोन्ही जिथे जोडलेल्या होत्या तिथला व्हॉल्व्ह पुरता आवळायचं काम माझ्याकडे होतं. बावीस फेरे. शेवटी दांड्याला तांब्याची तार पिळून टाकायची, म्हणजे पुढे कोणी चुकून उघडू नये. थोडा जरी उघडा राहिला तरी नळ गेल्यावर जुन्या लाइनीतली घाण नव्या लाइनीत ओढली जाते.

खड्ड्याला लागून शाळेची भिंत. भिंतीपलीकडे चौथीचा वर्ग. आणि पोरं म्हणत होती — नदीची कविता! माझ्या चौथीतली. आमचे गुरुजी डस्टरने टेबलावर ठेका धरायचे, खडूची धूळ उडायची, नव्या पुस्तकाच्या खळीचा वास यायचा... मी फेरे मोजत होतो आणि म्हणतही होतो. तिसऱ्या कडव्यात, नदी घाट उतरते तिथे, पोरं अडली. मी खड्ड्यातूनच पुढची ओळ ओरडून सांगितली. सगळा वर्ग हसला. बाईंनी खिडकीतून डोकावून हात केला.

मग जेवणाची सुट्टी झाली. झाकण लावल्याचं आठवतं. गुणगुणत घरी आल्याचं आठवतं. बावीसपर्यंत पोचलो होतो का? तार पिळली होती का?

आठवत नाही. कविता अख्खी आठवते.

नोंदवहीत "बंद" आहे. खाली माझी सही. पण ती सही सकाळचीच! आम्ही सगळेच हजेरीबरोबर दिवसभराचं काम लिहून मोकळे व्हायचो, संध्याकाळी पुन्हा पाणीखात्याच्या चौकीवर चढायला नको म्हणून. सही काय सांगणार?

११ जानेवारी, शनिवार

बत्तीस वर्षं काही झालं नाही, मग आताच का? दिवसभर स्वतःची अशी समजूत घालत बसलो.

पण जुना पाइप आता कुजला असेल. लोखंड तरी किती टिकणार?

१२ जानेवारी, रविवार

सकाळी यंत्र घेऊन खालच्या आळीत गेलो. सत्तरीला सम्यकने दिलेला हा मेटल डिटेक्टर. आजवर डोंगराच्या पायथ्याशी फिरून काय मिळवलं? बाटल्यांची बुचं, एक घुंगरू आणि वीस पैशांची षटकोनी नाणी. पोरगा म्हणतो, बाबा, तुमचा व्यायाम होतो ना, बस्स.

शाळेची भिंत आता नाही. तिथे सात मजली इमारत आहे. भिंतीच्या कोपऱ्यापासून अकरा पावलं, हे आठवतं. कोपराच नाही तर अकरा पावलं कुठून टाकू? आणि गल्ली तेव्हापासून चांगली दोन-अडीच फूट वर आली आहे. भराव, डांबर, पुन्हा भराव, वर पेव्हर ब्लॉक. यंत्राची नऊ इंची तबकडी पावलापावलाला टुंई करते. खिळा, तार, बूच. खाली अडीच फुटांवर ती बहिरी. काळ्या दगडाचा भराव, तोही उगाच कुईकुई करायला लावतो.

पानवाला म्हणाला, काका, कोणाची अंगठी पडली?

१३ जानेवारी, सोमवार

प्रितमला फोन केला. तो म्हणाला, आख्खी गल्ली नाही फोडता येणार काका, पण तुम्ही बोट ठेवून जागा दाखवा, दुसऱ्या दिवशी माणसं आणतो.

खरं तर एकच माणूस नक्की सांगू शकला असता. लवू. माझा जोडीदार, त्या दिवशी वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह त्याच्याकडे होता, आणि तो सोडण्याआधी खालचे जोड बघून जायची त्याची सवय. मालवणकडचा, डावखुरा, तोंडाचा फाटका. त्याच आठवड्यात त्याने कँटीनमध्ये सगळ्यांदेखत मला सुनावलं — "तू कविता म्हण रे भीमराज. चाव्या फिरवायला आम्ही आहोत." सगळे खिदळले. मी चहा तसाच ठेवून उठलो. तेव्हापासून बोललो नाही. दुसरी चौकी मागून घेतली. बत्तीस वर्षं! मानखुर्दला मुलीकडे असतो, असं पेन्शनवाल्यांकडून कळलं होतं.

त्याला कसं विचारू? म्हणजे त्याचंच खरं झालं म्हणायचं.

१५ जानेवारी, बुधवार

लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. केयूरच्या दुकानात. पन्नाशीचा हसरा माणूस, यंत्राचं नाव ऐकूनच तोंडपाठ सांगायला लागला. माझ्या यंत्राला बसतील अशा दोन तबकड्या त्याने काचेवर ठेवल्या — अकरा इंची आणि पंधरा इंची. पंधरावाली म्हणजे जेवणाची मोठी परातच!

अकरावाली हलकी, हाताला झेपते, पण माझ्या कामाला फूटभर कमी पडेल. पंधरावाली खोल जाते, मात्र लोखंडाचा मोठा तुकडाच ओळखते. "काका, बारीक चीज सुटेल हां हिच्यातून. नाणं, अंगठी विसरून जायचं. आणि वजन बघा." मी उचलून बघितली. दहा मिनिटांत खांदा भरून येईल.

तुम्हाला शोधायचं काय आहे, त्याने विचारलं. लोखंडी झाकण, म्हटलं. मग मोठीच घ्या, विचार कसला करता?

विचार तोच तर. मोठी घेतली तर सापडेल. सापडलं तर कळेल.

खांद्याचं निमित्त सांगून तसाच परत आलो. त्याने वाईट वाटून घेतलं नाही, उलट चहा पाजला.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रियंकाला हॉस्पिटलात ठेवलं. सलाइन.

संध्याकाळी तेजलला सगळं सांगितलं. फेरे, कविता, सही, सगळं. ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलेल. ती म्हणाली, "उघडा निघाला तर बंद करू, बाबा. त्यासाठी तरी सापडायला हवा ना?"

इतकं सोपं! मी आठवडाभर काय धरून बसलो होतो?

१७ जानेवारी, शुक्रवार

पंधरा इंची आणली. केयूर म्हणाला, मला माहीत होतं तुम्ही येणार, मी बाजूला काढून ठेवली होती. वायर कशी गुंडाळायची, जमिनीची कुईकुई कशी शांत करायची, सगळं उभं राहून दाखवलं. तेजलने सम्यकच्या जुन्या सॅकचा पट्टा कापून खांद्यावरून अडकवायला शिवून दिला. आता वजन हातावर नाही, पाठीवर येतं.

आरशात बघितलं. परात विकायला निघालेला म्हातारा.

१८ जानेवारी, शनिवार

तीन तास.

पहिल्या तासात काहीच नाही. खरं तर तीही एक मजाच — बुचं आणि खिळे गप्प झाले. एवढ्या वर्षांचा कचरा आणि यंत्र त्याच्याकडे बघेचना. सावकाश, गल्लीला आडवा-उभा गेलो. मनातल्या मनात नदीची कविता चालूच होती, तिच्या ठेक्यावर पाऊल पडत होतं. मग इमारतीच्या मीटर-पेटीसमोर एक आवाज आला. टुंई नाही. जाड, लांब, खालून आलेला. दोन फूट सरकलो तर गेला. परत आलो तर आला! चारही बाजूंनी तसंच. तेजलने खडूने गोल काढला. वहिनी, लगोरी मांडताय का, म्हणून पानवाल्याने विचारलंच.

प्रितमला फोटो पाठवला. सोमवारी येतो म्हणाला.

खांदा ठणकतोय. तेजलने बाम चोळला.

१९ जानेवारी, रविवार

काही नाही. उद्याची वाट.

२० जानेवारी, सोमवार

बंद होता!

आधी तेच लिहिलं, आता सावकाश लिहितो.

दहाला माणसं आली. पेव्हर काढले, डांबर फोडलं. एक जण म्हणाला, आजोबा, सोनं निघालं तर अर्धं आमचं. मी म्हटलं, सगळंच तुमचं. अडीच फुटांवर पहार ठणकन वाजली. झाकण! गंजून पापुद्रे सुटलेले, पण तेच. उचललं तसा मी खड्ड्याच्या कडेवरून आत वाकलो. तेजलने दंड धरला.

आत गाळ. एक जण उतरला, हातांनी गाळ उपसला. दांडा दिसला आणि दांड्याला हिरवीगार झालेली तार. प्रितमने चावी बसवली आणि आवळायच्या बाजूला जोर लावला. हलेना. दोघांनी लावला. रेसभरही नाही. "पूर्ण बंद आहे, काका," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं जुना, आणि असा घट्ट! कोणी केला होता?"

मी, म्हटलं.

मग तिथेच पेव्हरच्या ढिगावर बसलो आणि चक्क रडलो. कामगारांनी पाणी दिलं. बाटलीतलं, तेजलने आधी विचारून घेतलं.

तार कापून काढली होती. नवी घालणार होते. ती मागून घेतली, खिशात ठेवली.

२१ जानेवारी, मंगळवार

आठ वाजेपर्यंत झोपलो. कित्येक वर्षांत असा झोपलो नव्हतो.

२३ जानेवारी, गुरुवार

प्रितमचा फोन. घाण कुठून येत होती ते सापडलं. जुन्या लाइनीवरचा संशय फिटला म्हटल्यावर त्यांनी खालच्या टोकापासून एकेक जोडणी तपासली. गटारातून गेलेला एक घरगुती पाइप फुटला होता. कोणीतरी कशासाठी तरी ड्रिल मारलं असणार. बदलला. तो म्हणतो, तुमच्यामुळे अर्धं काम कमी झालं काका. उगाच म्हणतो, पण ऐकायला बरं वाटलं.

संध्याकाळच्या पाण्याला वास नाही. ग्लासात घेऊन उजेडात धरलं. नितळ. तेजल तरी उकळतेच आहे. उकळू दे.

२५ जानेवारी, शनिवार

प्रियंका घरी आली! डोळ्यांचा पिवळेपणा उतरतोय. उसाचा रस मागते, आई देत नाही. पाच मिनिटं ओट्यावर बसली. नदीची कविता पुढे नेली, तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी दमली. उद्या, म्हटलं. घाई कसली आहे आता?

आज वाटतंय, माणूस स्वप्नाळू असला तरी त्याचे हात आपलं काम करत असतात. मन नदीवर, हात चावीवर. उगाच स्वतःला इतकी वर्षं बोल लावला.

२६ जानेवारी, रविवार

तार चिंचेने घासून लख्ख केली. प्रियंकाला दाखवायला म्हणून.

पीळ डावीकडे जातो.

दुसरी तार घेऊन मी पिळून बघितली. चारदा. माझा पीळ उजवीकडेच जातो. चौकीवर डाव्या हाताने तार पिळणारा एकच माणूस होता.

"चाव्या फिरवायला आम्ही आहोत."

तो टोमणा नव्हता. लवू मला सांगत होता.

२८ जानेवारी, मंगळवार

मानखुर्दला जाऊन आलो. लवूने दार उघडलं. वाकलाय. मी तार त्याच्या हातात ठेवली. त्याने बघितली, उलटी-सुलटी केली.

"तुजे चवदा झालले," तो म्हणाला. "उरलले आठ मिया फिरवलंय."

मग म्हणाला, आता म्हण ती कविता.

म्हटली. तिसऱ्या कडव्यात अडलो. पुढची ओळ त्याने सांगितली.