सोनतारा नावाच्या दोन पार्ट्या

९ मार्च, रवि.
सकाळपासून भेंडी तोडली. हाताला खाज सुटली की बेंजोच्या तारा नीट लागत नाय, तेल चोळून बसलो. तेवढ्यात फोन. कल्याणकडचा कोण तरी. "सोनतारा बेंजो पार्टी ना? यूट्यूबवर तुमची हळद बघितली, जबरदस्त." मी बोललो, ती मुरबाडची सोनतारा, आमी आटगावचे. तर बोलतो, "म्हणजे तुमी डुप्लिकेट का?" ठेवला फोन.

डुप्लिकेट म्हणे. आमचा ढोल रंगून आला तेव्हा मुरबाडवाल्यांची पार्टी जन्माला पण आली नव्हती. सगळी करणी शहापूरच्या त्या पेंटरची. नाव त्यानंच सुचवलं, अक्षरं त्याचीच, चांदणीचा छापा त्याचाच. मग चार वर्षांनी तेच नाव, तोच छापा त्यांच्या ढोलावर मारून दिला. विचारायला गेलो तर ब्रश धुता धुता बोलतो, "तालुका वेगळा हाय ना विलासशेट, तुमचं काय जातंय?" आता बघ काय जातंय ते.

१२ मार्च, बुध.
जेवण झाल्यावर मुरबाडवाल्यांचा व्हिडिओ लावला. कुणाला दिसू नये म्हणून मागल्या पडवीत बसलो होतो, पण बायकोनं, सु.नं, आवाजावरून ओळखलं. एकनाथ वाजवतो बेंजो. माझ्यापेक्षा वयानं मोठा, सिद्धगडच्या पायथ्याचा. ढोलकीवर त्याचा पोरगा, योगेश. बाप नुसती मान तिरकी करतो की पोरगा चाल बदलतो. वाजवतो चांगला, एकनाथ. इथं लिहायला काय जातंय. माझ्यापेक्षा चांगला वाजवतो.

सु. भांडी घासता घासता बोलली, "मग तुमी पण टाका की मोबाईलवर." जसं काय टाकलं की झालंच.

१७ मार्च, सोम.
सकाळी दात घासत बाहेर आलो तर अंगणात माणसं उभी. तोंडं पडलेली. मला बघून शेजारची कुसुमवहिनी किंचाळलीच. मला काय कळेना. कसाऱ्याहून बहिणीचा फोन, नुसती रडते. "दादा, तू हायस ना रे?" अगो हाय, मरायला काय झालंय मला, म्हटलं. मग पार्टीतल्या नितीननं ग्रुपवरचा फोटो दाखवला. नाल्यात उलटा टेम्पो, फुटलेला ढोल आणि त्याच्यावर सोनतारा बेंजो पार्टी. तीच अक्षरं, तीच चांदणी. गावाचं नाव खाली असतं, ते चिखलात होतं.

मुरबाडवाले हळद वाजवून परतत होते. टोकावड्याच्या पुढं वळणावर गेला टेम्पो. मागं वाद्यांबरोबर पोरं बसलेली, त्यातली तिघं गेली. योगेश पण. एकनाथ पुढं कॅबिनमधी होता, वाचला. कॅबिनमधी मुख्य माणूस बसतो, सगळ्याच पार्ट्यांत. मी पण बसतो.

गेले ते आमी नाय म्हटल्यावर अंगणात सगळे हसले. कुणी तरी चहा टाकायला सांगितला. मी पण हसलो. आता दुपारपासून जेवण जात नाय.

१८ मार्च, मंगळ.
बबनदादा आला. ताशावाला, पार्टीत सगळ्यात जुना. बोलतो, त्यांच्या दहाव्यापर्यंत आपण वाद्यांना हात लावायचा नाय, सुतक हाय. मी बोललो, आपलं कोण लागतात ते? "ढोलावर नाव एक हाय ना. वाद्याला सुतक लागतं." मी बोललो, मग मुरबाडात एक बबन मेला की तालुक्यातल्या सगळ्या बबनांनी डोकी भादरायची का? तो हसला नाय. परवाची हळद आधीच धरलेली आहे, सुपारी घेऊन बसलोय. लग्नघराला काय सांगू, आमचं नावच मेलं म्हणून?

२१ मार्च, शुक्र.
कालची हळद. कसाऱ्याच्या अलीकडं. बबनदादा आलाच नाय, ताशाला दुसरा माणूस घेतला. जाताना मी टेम्पोच्या मागं जाऊन बसलो, तर पोरं बोलली, "दादा पुढं बसा ना." बसलो पुढं.

मांडवात वाद्यं लावतोय तर नवरीची आत्या आली. ढोलाकडं बघितलं आणि मागंच सरकली. "ह्या नावाचा ढोल माझ्या पोरीच्या मांडवात नको." नवरीच्या बापानं समजावलं, आमी पण समजावलं, हे आटगावचे, ते वेगळे. ऐकतच नाय. शेवटी नितीननं आपला टॉवेल काढला आणि ढोलाला बांधला, नाव झाकलं. मग वाजवलं. पोरं नाचली पण मधी मधी सगळ्यांची नजर त्या टॉवेलावर. आख्ख्या आयुष्यात असं नाव बांधून वाजवलं नव्हतं. संताप येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. त्या तीन पोरांवर तर काढता येत नाय.

२४ मार्च, सोम.
सुपाऱ्या परत जातायत. एका घरानं तोंडावर सांगितलं, एकानं नवरदेवाची आजी आजारी आहे म्हणून सांगितलं, आजी काल बाजारात दिसली मला. आमच्या अंगणात मीटिंग. नितीन बोलतो, नाव बदलू. पॅड तो वाजवतो, भिवंडीला गोडाऊनमधी जातो दिवसा, त्याला नवीन नाव रोज एक सुचतं. बाकीची पोरं पण त्याच्या बाजूनं. पेंटर फुकट रंगवून देतो म्हणे. आता आली अक्कल त्याला.

मी नाय म्हणून सांगितलं. कशाला बदलू? आमी केलंय काय? हळदी-लग्नं, वास्तू, गणपती, सगळं ह्या नावावर वाजवलं. माझ्या लग्नात ह्याच पार्टीनं वाजवलं, मीच नवरदेव आणि माझेच हात वळवळत होते. आज नाव टाकलं की पार्टीच मेली, मग टेम्पोत बसून कशाला मरायला पाहिजे. बबनदादा बोलला, "दहाव्याला तरी जाऊन ये." तेवढं पटलं.

२६ मार्च, बुध.
दहावा नदीवर. बबनदादा बरोबर आला म्हणून बरं, नायतर मला उभं राहता आलं नसतं. तीन घरांची माणसं एका काठावर. एकनाथच्या कपाळाला टाके. बायकांत एक जण नुसती पाण्याकडं बघत बसलेली, ती त्याची बायको असं कुणी तरी सांगितलं.

कुणी तरी ओळख करून दिली, हे आटगावचे सोनतारा. एकनाथनं माझा हात धरला आणि उलटा करून बोटं बघितली. भेंडीनं सोलवटलेली. "तुमीच का ते," बोलला. एवढंच. आयुष्यभर एकमेकांचे फोन आमी उचलले असतील, भेटलो आज.

३ एप्रिल, गुरु.
उलटंच झालं. मुरबाडवाल्यांचा तो हळदीचा व्हिडिओ कुणी तरी काळ्या पट्टीवर दिवा लावून पुन्हा टाकलाय, जो तो पुढं पाठवतोय. आणि आता फोन येतायत. "आमाला तीच पार्टी पाहिजे. पोरांच्या आठवणीत." पहिल्या दोघांना सांगितलं, ती पार्टी वेगळी हो, आमी आटगावचे. त्यांनी फोन ठेवला. नितीन बाजूलाच होता. "दादा, सांगता कशाला? सोनतारा विचारतात, आपण सोनताराच हाय ना?" जो परवा नाव बदलायला निघाला होता तोच हा.

संध्याकाळी आणखी एक फोन. मी काय सांगितलं नाय. नुसतं गाव विचारलं आणि तारीख.

१४ एप्रिल, सोम.
कालचं लिहायचं नव्हतं. लिहितो.

मुरबाड रोडला हळद. मांडवात शिरलो तर आमच्या ढोलाला हार. एका बाईनं ढोलाला हळदकुंकू लावलं. माणसं मोबाईल काढून उभी. आमी वाजवायच्या आधी नवरदेवाच्या काकानं माईक घेतला आणि दोन मिनिटं शांत राहायला सांगितलं. आमी पण माना खाली घालून उभे. मला वाटलं आता सांगावं. नाय सांगितलं.

वाजवून झाल्यावर नवरदेवाची आई ताट घेऊन आली. स्वतः वाढायला बसली. मी पुढं बेंजोवर, म्हणून मीच तो असं तिला वाटलं. हळूच बोलली, "भाऊ, तुमचा मुलगा होता ना ढोलकीवर?"

मी मान हलवली.

नाय म्हणायला तोंड उघडायला लागतं. मान आपोआप हलली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं माझ्या पानात आणखी एक लाडू ठेवला. बबनदादा समोर बसलेला, त्यानं बघितलं. तो जेवणावरून उठला. टेम्पोत चढताना एवढंच बोलला, "विल्या, मान कशाला हलवलीस रे?" लहानपणी मला विल्या बोलायचा, त्यानंतर कालच.

१७ एप्रिल, गुरु.
सु.ला सांगितलं. कुणाला तरी सांगायला पाहिजेच होतं. ती पीठ मळत होती, ती थांबली. "आपला आदित्य शाळेत हाय. पेपर चाललेत त्याचे. आणि तुमी सांगून आलात आपला पोरगा मेला म्हणून?" तसं नाय गो, दुसऱ्याचा, मी बोललो. माझं मलाच ऐकवेना. तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. दोनदा उठून आदित्यच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं तिनं, एवढ्या उकाड्यात.

बबनदादानं ताशा घरी नेला. पुढं वाजवणार का, विचारलं नाय. विचारायची हिंमत नाय.

२२ एप्रिल, मंगळ.
एकनाथ आला. एसटीनं, दोन गाड्या बदलून. मी शेतात होतो, आदित्य बोलवायला आला. वाटेत येताना सगळं ठरवलं, पाय धरायचे, मग जे बोलेल ते ऐकून घ्यायचं.

पडवीत बसलेला. टाके काढलेत, खूण राहिली. आदित्य पाणी द्यायला वाकला तर त्याच्याकडं बघतच राहिला. मग मला बोलला, "ऐकलं मी. आमचा एक पाहुणा होता त्या मांडवात." मी त्याच्यासमोर खाली बसलो. "माझा पोरगा तुमचा म्हणून सांगितलात."

मी माफी मागितली. सु.नं चहा आणला तो निवला तरी त्यानं घेतला नाय.

मग बोलला, "आमची पार्टी राह्यली नाय. उरलेली पोरं टेम्पोत चढायला मागत नाय. मी घरात बसतो तर बायको माझ्याकडं बघते. काय बोलत नाय. मी पुढं बसलो होतो ना. दिवसभर बघते." कपाळावरच्या खुणेवर बोट फिरवलं. "रविवारची तुमची हळद आमच्या खालच्या गावात हाय. लोकांना वाटतंय मीच येणार. तर मी येतो. बेंजोवर."

मी विचारलं, आणि मी? त्याला प्रश्न कळलाच नाय बहुतेक. किंवा कळला. "नाव तर तेच हाय ना," बोलला.

बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो, त्याच्यासमोर, माझ्या घरात, माझा पोरगा दारात उभा असताना.

२४ एप्रिल, गुरु.
पोरांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. नितीनचा चेहरा खुलला. "खरंच येणार? दादा, मग तर सीझन निघाला आपला." एक जण बोलला, एकनाथकाकांबरोबर वाजवायला मिळणार. कुणी विचारलं नाय मी काय करणार. बेंजो एकच असतो पार्टीत, चाल त्याच्यावर चालते, त्याच्याकडं बघूनच बाकीचे वाजवतात. मग नितीनच्या लक्षात आलं असावं. "तुमी कॅसिओला बसा ना दादा. नायतर हिशोब-बिशोब, पाहुणे सांभाळायला पण माणूस लागतो."

बबनदादाकडं गेलो. बोलतो, एकनाथ येणार असेल तर मी येतो ताशाला. म्हणजे माझ्यासाठी नाय.

सु.ला विचारलं, तुला काय वाटतं? "तुमी त्याचा पोरगा घेतलात, तो तुमचा बेंजो घेतो," बोलली आणि गोठ्यात गेली. आठवड्यात पहिल्यांदा एवढं बोलली.

राग येतो. कुणाजवळ काढता येत नाय असा. त्याचं दुःख मोठं, मान्य. पण ही पार्टी मी उभी केली. नाव टाकू नका म्हणून सगळ्यांशी भांडलो ते मी. कशासाठी भांडलो मग?

२७ एप्रिल, रवि.
टेम्पो आलाय. ढोल, पॅड, स्पीकर सगळं चढवून झालं. बबनदादा ताशा घेऊन मागं बसला. मला वाटत होतं एकनाथ येणारच नाय. आत कुठं तरी तशी आशाच धरली होती, खोटं कशाला लिहू. आला. पांढरे कपडे, इस्त्रीचे. पोरं खाली उतरून त्याच्या पाया पडली.

हातात काय नव्हतं. मी विचारलं, तुमचा बेंजो?

"त्याच गाडीत होता," बोलला. "तुमचाच द्या."

कॅबिनचं दार नितीननं त्याच्यासाठी उघडून धरलं, तर तो चढेना. मागं पोरांत जाऊन बसला, वाद्यांमधी. पोरांनी जागा करून दिली. तिथून माझ्याकडं बघतोय, हात पुढं केलेला.

मी बोललो, बेंजोच्या पेटीची किल्ली घरात राहिली, आणतो. किल्ली खिशातच आहे. आत येऊन बसलोय, पेटी मांडीवर घेऊन तिच्यावरच हे लिहितोय. पुढची सीट रिकामी आहे. बाहेर हॉर्न वाजवतायत. सु. दारात येऊन उभी राहिलीय.