माझ्या हातच्या गोळ्या

उज्जैन, सोमवार, नोव्हेंबर १९५६

ह्यांची मामेबहीण कुसुम पुण्याहून आलीय. आज हे तिला टांग्यानं क्षिप्रेकाठचा कालियादेह महाल दाखवायला घेऊन गेले. कुंडातल्या माशांसाठी कणकेच्या गोळ्या मात्र मी वळून दिल्या. टांग्यात जागा होती की! तर म्हणाले, "तू तर इथलीच, तुला काय नवीन?" इथलीच, पण पाहिलंय कुठे मी ते? आधी बाबांनी नेलं नाही, मग ह्यांनी.

संध्याकाळी कुसुम सांगत बसली, "वहिनी, मासे अगदी हातातून गोळ्या घेतात हो!" माझ्या गोळ्या. मी मान डोलावली, जणू रोजच जाते.

नवं राज्य झालं, ह्यांचं दफ्तर भोपाळला चाललं, पुढल्या महिन्यात आम्हीही. तिथे कुणी उज्जैनचं विचारलं, तर कुसुमनं पाहिलेलं सांगेन.