फरक तुम्हीच बघा

प्रिय सासूबाई,

एरवी मी ‘प्रिय आई’ असंच लिहिलं असतं. पण जाताना टॅक्सीत एक पाय ठेवून तुम्ही मला बजावलंत, की आजपासून मी तुझी फक्त सासू. तेव्हा हुकमाप्रमाणे सासूबाई. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन जावईबापूंच्या हातात देता आणि ते बिचारे मला हवापाणी विचारत बसतात. मागच्या वेळी तर आम्ही दोघं तिकडच्या आणि इकडच्या ढगांबद्दल इतका वेळ बोललो, की ताईंना काहीतरी शंका यायची. म्हणून हे पत्र. हे तुम्हाला जावईबापूंच्या हातात देता येणार नाही, कारण त्यांचा चष्मा कधीच जागेवर नसतो.

ताईंनी तुमचा निरोप दिला. तुमचं शिलाई मशीन टेम्पोत घालून पाठवून द्यायचं, यापुढे ते तिकडेच लागणार आहे. तुमचे चिरंजीव निरोप ऐकून उठले आणि कॅमेऱ्याची लेन्स पुसत बसले. सकाळी पुसलेलीच लेन्स. साड्या काय, माणूस चार दिवसांसाठीही नेतं. पण ते मशीन खिडकीखालून हललं तर तुम्ही परत यायच्या नाहीत, एवढं त्यांनाही कळतं. मशीनचं मी शेवटी लिहिते. आधी दुकानाचं ऐका.

तुमचे चिरंजीव मूर्ख आहेत, इथपर्यंत आपलं एकमत आहे. तो मोठा प्रोफेशनल कॅमेरा आला तेव्हापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पासपोर्ट फोटोंसाठी काउंटरवर माझा छोटा कॅमेरा होताच, नवशिक्यांसाठी असतो तो. लोक विचारायचे, दोन्ही डिजिटल, दोन्ही काळे, दोन्हींतून शेवटी आमचंच तोंड येणार, मग मोठ्या कॅमेऱ्याचा दर जास्त का? त्यावर चिरंजीवांचं भाषण सुरू व्हायचं. सेन्सर केवढा मोठा, अंधारात कसा दिसतो, दोन कार्डं कशी बसतात, एक बिघडलं तरी दुसऱ्यावर फोटो कसा शाबूत राहतो, पावसात भिजला तरी कसा डगमगत नाही. गिऱ्हाईक बिचारं चार बाय चारच्या बंद खोलीत फोटो काढून घ्यायला आलेलं, त्याला पावसाचं काय! निम्म्या भाषणात ते माझ्याकडे सरकायचं.

मग त्यांना ती कल्पना सुचली. एकच चेहरा दोन्ही कॅमेऱ्यांनी काढायचा आणि दोन्ही फोटो दाराएवढे मोठे करून काचेत शेजारी शेजारी लावायचे. न हलता, न कुरकुरता बसणारा चेहरा घरात एकच होता. तुम्ही वाटाणे सोलत होतात. लेक दोनदोन कॅमेरे घेऊन समोर बसला म्हणून तुम्ही किती खूश झाला होतात, ते मला आठवतं. केससुद्धा सारखे केलेत. डाव्या फोटोखाली ‘साधा कॅमेरा’, उजव्याखाली ‘प्रोफेशनल कॅमेरा’ आणि मध्ये लाल अक्षरांत ‘फरक तुम्हीच बघा!’ एवढ्यावर थांबले असते तर ते तुमचे चिरंजीव कसले? उजव्या फोटोत हनुवटीभोवती त्यांनी एक गोल काढला, गोलातून बाण बाहेर आणला आणि तुमची ती चामखीळ, तिच्यावरच्या केसासकट, थाळीएवढी करून बाजूला चिकटवली.

लोकांनी फरक बघितला. अगदी नाक काचेला लावून बघितला आणि आत येऊन एकजात सगळ्यांनी सांगितलं, आम्हाला डावीकडच्यासारखा काढून द्या. माझ्या छोट्या कॅमेऱ्यात कातडी गुळगुळीत करायची सोय कारखान्यातूनच चालू होऊन आलेली आहे, ती बंद कशी करतात हे मी कधी शिकलेच नाही. त्यामुळे डावीकडे तुम्ही ताईंच्या थोरल्या बहिणीसारख्या दिसत होतात. लग्न ठरलेल्या मुली आल्या, वकीलबाई आल्या, व्यायामशाळेचे मास्तर आले. मास्तरांना दंडाची शीर न् शीर फोटोत हवी होती, पण चेहरा मात्र डावीकडचाच द्या म्हणाले. माझ्यापुढे जिन्यापर्यंत रांग आणि चिरंजीव मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून कोपऱ्यात. त्या वजनानं त्यांची मान धरली, आता डॉक्टरांनी पट्टा दिलाय. कॅमेऱ्याचा पट्टा आणि मानेचा पट्टा असे दोन्ही घालून ते हिंडतात.

घात केला तो समोरच्या औषधवाल्यानं. माणूस वाईट नाही, त्यानं भल्यासाठीच केलं. भर रस्त्यात, चार लोकांसमोर, तुमच्या हातात मलमाची नळी ठेवली आणि म्हणाला, रात्री लावा, महिन्यात गळून पडेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही ताईंकडे निघून गेलात. सगळ्यांना वाटतं तुम्ही चामखिळीवरून रागावलात. चिरंजीव अजून तेच धरून बसलेत. म्हणाले, तो केस मी कॉम्प्युटरवर काढून टाकतो आणि नवा फोटो लावतो, मग आई येईल. मी हात टेकले.

तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी त्यांनी दोन्ही फोटो उतरवले. काच मोकळी झाली तसे लोक विचारायला लागले, त्या आजी कुठे गेल्या? प्रकृती बरी आहे ना? कुणाकुणाला काय सांगणार, गावाला गेल्यात म्हणून सांगते.

मग विमा कंपनीच्या साहेबांचा निरोपसमारंभ आला. मोठ्या कॅमेऱ्याला अखेर काम मिळालं म्हणून चिरंजीव पट्ट्यासकट शीळ वाजवत गेले. आले ते तोंड पाडून. साहेब पुष्पगुच्छ घेताहेत, धूसर. साहेब भाषण करताहेत, धूसर. साहेब डोळे पुसताहेत, तेही धूसर. निवृत्त व्हायच्या आधीच माणूस विरून गेलेला. आणि प्रत्येक फोटोत मागच्या रांगेतल्या एक बाई मात्र अशा लख्ख, की त्यांच्या चष्म्यावरचे बोटांचे ठसे मोजून घ्यावेत. अंबाडा, जाड काड्यांचा चष्मा, ओठ असे घट्ट मिटलेले. मी म्हटलं, अहो, या तर थेट आपल्या आई! हे कसं झालं म्हणून खूप खोदून विचारलं, तेव्हा कुठे त्यांनी कॅमेरा उघडून दाखवला.

त्या कॅमेऱ्याला म्हणे चेहरे शिकवून ठेवता येतात. गर्दीत आधी कुणाला शोधायचं, कुणावर नजर ठेवायची, ते क्रमाक्रमानं सांगायचं. माझ्या छोट्याला एवढी अक्कल नाही, जो समोर येईल तो त्याचा. मोठ्यात कितीतरी चेहऱ्यांची सोय आहे आणि भरलेला होता फक्त एक. नंबर एक, तुम्ही, मांडीवर वाटाण्याची परात घेऊन. साहेबांचं वाटोळं झालं ते त्या बाई तुमच्यासारख्या दिसतात म्हणून. मी विचारलं, इतकी वर्षं तुमच्याबरोबर संसार केला, माझा चेहरा कुठाय? तर म्हणाले, तू सारखी हलतेस. दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. राग गेल्यावर म्हटलं, धंदा बुडेल, आईंचा चेहरा पुसून टाका. त्यांनी बटणावर बोट ठेवलं, पडद्यावर नक्की पुसायचं का म्हणून प्रश्न आला आणि त्यांनी कॅमेराच बंद केला. ते तुम्हाला फोनवर माफ कर म्हणत नाहीत, कारण ते शब्द त्यांच्या तोंडून फुटत नाहीत, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

आता जे लिहितेय ते कुणाला सांगू नका. औषधवाल्याच्या आदल्या दिवशी, दुपारी रस्त्यावर कुणी नसताना, तुम्ही काचेसमोर उभ्या होतात. मी काउंटरमागे होते, तुम्हाला दिसले नसेन. डावीकडच्या फोटोकडे तुम्ही पाहिलंतही नाही. उजवीकडचाच बघत राहिलात आणि हळूच गालाला हात लावलात, जसा परक्याच्या गालाला लावावा. आपल्या बाथरूमचा आरसा कधीचा डागाळलाय, त्यात तुम्ही चष्मा काढून बघता. तुम्ही रागावला नव्हतात. तुम्ही घाबरला होतात. तेव्हाच बाहेर यायला हवं, असं मला वाटलं आणि पाय उचलेना, कारण तुम्हाला काय म्हणावं ते सुचलं नाही.

मग मागच्या आठवड्यात मी पावडर न लावता, कपाळावरचे केस मागे घेऊन मोठ्या कॅमेऱ्यासमोर बसले. चिरंजीव नको नको म्हणत होते. फोटो आला आणि मी तो उजेडात नेऊन बघितला. डोळ्यांखाली पिशव्या, भांगात पांढरे, भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा. त्या रेघांना तुमचे चिरंजीव जबाबदार आहेत. सगळ्यात वाईट म्हणजे ओठ. तुमच्यासारखेच घट्ट मिटलेले! आपलं रक्ताचं नातं नाही, मग हे आलं कुठून? पहिल्या दिवशी मी तो फोटो उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी दाराएवढा करून काचेत लावला. खाली तेच, ‘फरक तुम्हीच बघा!’ संध्याकाळी औषधवाला रस्ता ओलांडून आला आणि मलाही मलमाची नळी देऊन गेला. तुमचंच मलम, सासूबाई. आता घरात दोन नळ्या आहेत.

तर मशीनचं. मी त्याला तेल घातलंय, धूळ पुसलीय, सुई मात्र बदलली नाही, तुम्हाला दुसऱ्यानं लावलेली चालत नाही. पण ते पाठवत नाही. टेम्पोवाला आला होता, त्याला मीच परत धाडला. चिरंजीवांना हे पत्र माहीत नाही, तेव्हा ते बोलावतायत असं समजू नका, मी बोलावतेय. मला तुमच्यावाचून करमत नाही. दुपारी दुकानातून वर येते आणि ते मशीन गप्प असतं, ते मला सोसत नाही. आणि अजून एक. घरात दोन कॅमेरे आहेत आणि आपल्या दोघींचा मिळून एकही फोटो नाही, काल शोधून दमले. चिरंजीवांना म्हटलं, आई आल्या की मोठ्या कॅमेऱ्यानं काढा. त्यांनी आता माझाही चेहरा शिकवलाय त्याला, नंबर दोनवर. पण ते म्हणाले, त्या लेन्सचं असं आहे, की एका वेळी एकच चेहरा लख्ख येतो; दोघी असलात तर कॅमेरा आईलाच धरणार, तू धूसर येशील. मी म्हटलं, येऊ दे.

तुमचीच,
नंबर दोन