जुन्या मालकांसाठी सवलत

३ जून
आज पहाटे प्रार्थना आटोपली आणि ई-रीडर उघडला. विरक्तीवरचं पुस्तक, पान अकरा. तेवढ्यात कंपनीची मेल. नवं मॉडेल आलंय, ‘आमच्या जुन्या, मोलाच्या मालकांना’ खास सवलत. मालक! ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर जन्म गेला, कुणी साहेबसुद्धा म्हटलं नाही. तरी मोह आवरला. यंत्र चालतंय तोवर बदलायचं नाही. संकल्प देवासमोर केलाय, म्हणजे पक्का.

५ जून
यंत्रात बिघाड. अक्षरं आपोआप मोठी झाली. इतकी, की चष्म्याची गरज नाही. पुन्हा बारीक केली. या गडबडीत वाचन राहिलं.

९ जून
अक्षरं पुन्हा मोठी. सकाळी भरलेली बॅटरी संध्याकाळी अर्धी. शिवाय भलतीच कादंबरी उघडी! अशा सात-आठ अनोळखी कादंबऱ्या आत शिरल्यात. व्हायरस असणार. बायकोला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, अहो, चाललंय की चांगलं, उगाच कशाला हात लावताय? तिला यातलं काय कळणार.

१४ जून
मेहुणी आली होती. म्हणाली, भावोजी, संन्यास कितव्या पानावर आला? दोघी बहिणी पोट धरून हसल्या. मी मनन करत वाचतो, वेळ लागणारच. मग स्वयंपाकघरात कुणा डॉक्टरीणबाईवरून दोघींची जुंपली. मेहुणी म्हणत होती, पुढे काय होतं सांगू? बायको ओरडली, खबरदार, तोंड उघडशील तर! बायकांना परक्याच्या संसारात फार रस.

१९ जून
सवलत परवा संपते. संकल्पाचा नीट विचार केला. शब्द होते ‘यंत्र चालतंय तोवर’. ते चालत नाही. तेव्हा देवाचीही हरकत नसावी.

२१ जून, दुपारी
अर्धी रजा टाकून जुनं यंत्र देऊन नवं घ्यायला दुकानात. विक्रेता म्हणाला, काका, विकत घेतलेली पुस्तकं नव्यात येतील, बाहेरून भरलेली जातील. चालेल ना? म्हटलं, जाऊ दे ती ब्याद. म्हणाला, मग पुसू सगळं? म्हटलं, पूस. गावच्या शाळेत पाटी पुसायला निदान थुंकी लागायची, इथे एका बोटात काम झालं.

संध्याकाळी
बायकोने विचारलं, जुना कुठाय? सांगितलं. म्हणाली, ती डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे परत जाते की नाही, एवढंच राहिलं होतं हो. कादंबऱ्या धाकटीने भरून दिल्या होत्या. तुम्ही ऑफिसला गेलात की वाचायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच काही वाचत होते.
म्हटलं, मग आधी सांगायचं ना! म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मला कादंबरी समजावून सांगायला बसला असता.
मी मन मोठं केलं. म्हटलं, नव्यावर वाच की, कोण नको म्हणतंय? म्हणाली, नको. तुमचं तुम्हाला लखलाभ. पासवर्ड लावून ठेवा, परक्याचा हात नको लागायला.

२२ जून
सकाळपासून ती एक शब्द बोललेली नाही, म्हणजे शांत झाली. नव्याचा पडदा फार सुरेख. पान अकरावरच उघडला. कालची तिची सूचना तशी व्यवहाराचीच होती. पासवर्ड लावला.